उलटा ठसा

मधुकरराव मास्तर शाळेत पोरांना पहिल्याच दिवशी बजावत, "लाकडावर चित्र उलटं काढा, म्हणजे कागदावर सुलटं येईल." एवढं कळलं की माणूस निम्मा छापणारा झाला, असं त्यांचं मत. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा ठसा कोरताना नेमकं हेच मास्तर विसरले.

एकाहत्तरची लढाई डिसेंबरात संपली होती. मुंबईच्या प्रदर्शनासाठी मास्तरांनी तोफगोळ्यांच्या कारखान्याचं चित्र कोरायला घेतलं. कारखान्यात त्यांना कोण शिरू देणार? पण जरीपटक्याच्या वस्तीत त्यांच्या शेजारीच लहानू राहत होता, तिथला लेथवरचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावरचा कारागीर. तो अंगणात लेथसमोर उभं राहावं तसा उभा राही, लेथ कशी असते ते सांगे आणि मास्तर पेन्सिल चालवत. लढाईच्या धामधुमीत बारा-बारा तासांच्या पाळ्या झाल्या, त्यात लहानूच्या उजव्या हाताची दोन बोटं लेथने नेली. तेव्हापासून तो हात कुणाला दाखवत नसे. मास्तरांनी मात्र तो उघडा कोरला, तीन बोटांचा, आणि तोही न विचारता. विचारायची छातीच झाली नाही, खरं सांगायचं तर.

पण लहानूच्या होकाराशिवाय चित्र धाडायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. पार्सल सोमवारी जायचं होतं. रविवारी सकाळी त्यांनी लहानूला आणि त्याच्या बायकोला, तुळसाबाईला बोलावलं आणि त्यांच्यासमोरच शाई लावलेल्या ठशावरचा कागद सोलून काढला.

लहानू चित्रावर वाकला.

"मास्तर, लेथ उलटी झाली ना जी. लोखंड धरणारा चक डाव्या अंगाले राहते. तुमी उजव्या अंगाले लावला."

मास्तरांनी रेखाटन काढून चित्राशेजारी धरलं. घाईत त्यांनी रेखाटन सरळच लाकडावर उतरवलं होतं. लेथ उलटली होती आणि हातही. कागदावरच्या लहानूचा डावा हात तुटका होता. उजवा धडधाकट.

"चुकलं रे लहानू. मुंबईत कुणाला कळणार नाही, पण मी हे पाठवत नाही. फाडूनच टाकतो."

"थांबा," तुळसाबाई म्हणाली. लेथशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिने चित्रातल्या तुटक्या डाव्या हातावर आपला तळवा अलगद ठेवला, तो झाकला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "आता पाहा हा उजवा. याच हातानं माह्या गळ्यात हार घातला होता तुमी."

दवाखान्यात लहानू रडला नव्हता, घरी आल्यावरही नाही. आता मात्र तो दाराच्या चौकटीला टेकून मोठ्याने रडला. तुळसाबाईने कागद उचलला तेव्हा तिचा तळवा शाईने काळा झाला होता.

"हा कागद मी नेऊन राहिली," ती म्हणाली.

"ने बाई, तुझाच आहे. यंदा प्रदर्शन राहिलं तर राहिलं."

लहानूने डोळे पुसले, उजव्याच हाताने, आणि तो हात मास्तरांसमोर धरला.

"तिले तो हात नेऊ द्या, मास्तर. मुंबईले हा धाडजा, पुढच्या साली सही. नीट पाहून कोरा, मी उभा राहतो."