देठ नसलेलं पान

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण थडथडलं. एंजेलाला झोपवून मी खिडकीशी बसले होते, घर चिडीचूप होतं. ब्रश कागदावरच्या बरणीच्या गळ्याशी आलेला. एवढा एक वळसा, म्हटलं, आणि दूध उतू गेलं.

बरणी जुनी, चिनी मातीची. मिशनच्या बंगल्यातल्या मडमेनं केविनच्या पणजीला दिलेली. नाताळात आलेल्यांना तिच्यातूनच शंकरपाळ्या द्यायच्या, ही आमच्या घरची रीत. तिच्यावरच्या निळ्या वेलीत एका पानाला देठच नव्हता. त्या कारागिराचंही दूध उतू गेलं असेल. मी पान तसंच काढलं.

तेवढ्यात केविन आला. करपट वास घरभर.

"घर पेटू दे, तू फुलं काढत बस," म्हणाला, आणि बरणी उचलून भिंतीवर फेकली. चित्र तेवढं वाचलं.

"लोक इचारतील," सासूबाई तुकडे गोळा करत म्हणाल्या. "तुज्या हातून पडली म्हन. बाईच्या हातून भांडं फुटतंच."

चित्राला त्यांनीच फ्रेम करून आणली. जुन्या फ्रेममध्ये बसावं म्हणून खालची पट्टी कापली होती. माझी सही, तारीख तिच्यातच गेली.

नाताळात गिटार वाजवत, गाणी म्हणत कॅरलवाले आले. शंकरपाळ्या स्टीलच्या डब्यात.

"सुनेनं फोडली, सुनेनंच काढून दिली. भरपाई!" भिंतीवरच्या चित्राकडे बोट करत सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. केविनही.

त्यांच्यातले प्रभुदास सर तेवढे हसले नाहीत. शाळेत त्यांनीच माझ्या हातात पहिला ब्रश दिला होता. चष्मा पुसून ते चित्राला नाक लावून उभे राहिले.

"बरणीच्या पोटावर खिडकी पडलीय, गजांसकट. कागद कोरा सोडून उजेड काढलाय पोरीनं! आणि हे पान बघा. आठवणीनं काढणारा देठ जोडून टाकतो." ते माझ्याकडे वळले. "मोनिका, बरणी समोर होती तुझ्या. फुटायच्या आधीचं आहे हे."

लग्नाच्या सात वर्षांत माझं चित्र कुणी इतकं बघितलं नव्हतं. केविन माझ्याकडे बघत होता.

"नाही सर," मी म्हटलं. "आठवणीनंच काढलं."

"मग चुकलो मी," सर म्हणाले, आणि डब्यातली एक शंकरपाळी उचलून बाहेर पडले.

गिटार गल्लीच्या टोकाला गेली. एंजेला माझ्या मांडीवर चढली, साखरेचे हात माझ्या गालाला लावले.

"मम्मी, पप्पांनी फेकली तेव्हा मी जागी झाले होते. तू सरांना खोटं का सांगितलंस?"