घरगाडीचं परमिट

रूपलने पहिल्यांदा त्या गाडीचा फोटो पाठवला तेव्हा तिच्या आईला, शालूला, ती आइस्क्रीमची गाडी वाटली. पांढरी, चौकोनी, बाजूला खिडकी. रविवारी केळव्याच्या बीचवर उभी असते तशी. मग रूपलने आतले फोटो पाठवले. आत गॅसची शेगडी होती, भांडी घासायला सिंक होतं, दोन पलंग होते आणि दाराआड संडाससुद्धा होता.

"म्हणजे घरच हाय की," शालू म्हणाली. त्या दिवसापासून ती तिला घरगाडी म्हणू लागली.

रूपल न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये नर्स होती. मितेशशी लग्न होऊन तिला सहा वर्षं झाली होती, मुलगी चार वर्षांची होती. जानेवारीत तिकडे उन्हाळा असतो. तेव्हा आईवडिलांना बोलवायचं, घरगाडी भाड्याने घ्यायची आणि बारा दिवस तळी-डोंगर बघत फिरायचं, असं तिने ठरवलं होतं. गाडी चालवायची तिच्या वडिलांनी, कृष्णकांतने.

"मितेशला जमत नाय का?" कृष्णकांतने विचारलं होतं.

"तो छोटी गाडी चालवतो, पप्पा. सात मीटरची बघून त्याला घाम फुटतो. आणि तसं पण मला तुमीच पायजे. सगळ्या सुट्ट्यांना तुमी लोकांच्या सहली घेऊन जायचे. आमी कधी गेलो तुमच्या गाडीतून? एकदा आमाला न्या."

त्या संध्याकाळी कृष्णकांतने अंगणात दोरीने मोजून चुन्याची रेघ मारली. सात मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. शालूला आत उभं केलं. इथे शेगडी, इथे पलंग, इथे मी. शालू चुन्याच्या चौकोनात इकडून तिकडे फिरली आणि म्हणाली, "नारळ खवायला बसायचं कुठं?"

"तिकडं कोण नारळ खवतंय?"

"मी खवणार. विळी नेऊ देतील ना विमानात?"

कृष्णकांत चोवीस वर्षं शिफ्टची बस चालवत होता. केळवे रोडवरून निघायचं, वाटेतली माणसं उचलायची, बोईसरवरून तारापूरच्या कारखान्यांत सोडायची, सुटलेली शिफ्ट घेऊन परत यायचं. त्याची बस दहा मीटरची होती. सात मीटरची गाडी, तीही रिकाम्या रस्त्यावर, आणि तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं. त्याला काळजी अशी कसलीच नव्हती. रविवारी सकाळी अकराला रूपलचा फोन आला की तो कॅलेंडरच्या जुन्या पानामागे रस्ता काढायचा. पहिला मुक्काम टेकापो तळ्यावर, तिथून क्वीन्सटाउन. चढ किती, वळणं कशी, पेट्रोल पंप किती अंतरावर, हे तो मितेशला पुन्हा पुन्हा विचारायचा आणि लिहून घ्यायचा.

दसऱ्यानंतर परदेशात गाडी चालवायचं परमिट काढायचं ठरलं. फॉर्मसोबत डॉक्टरचा दाखला लागत होता. कृष्णकांतला त्यात नवीन काही नव्हतं. लायसन नवं करताना दर वेळी बोईसर स्टेशनजवळचे एक म्हातारे डॉक्टर सही-शिक्का देत. नाव विचारलं की झालं. पण या वेळी ते गावाला गेले होते आणि खुर्चीवर त्यांची सून बसली होती, डॉक्टर दिशा.

तिने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. कृष्णकांतने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"छान," ती म्हणाली आणि त्याच्या समोर स्टूल घेऊन, दोन्ही हात बाजूला पसरून बसली. "आता काका, फक्त माझ्या नाकाकडे बघा. इकडे तिकडे नाही. माझी किती बोटं दिसतात?"

"कुठली बोटं?"

हात थोडे आत आणून तिने पुन्हा विचारलं. मग आणखी आत. मग हात खाली घेऊन तिने फॉर्म मिटला.

"मी आत्ता सही करत नाही. पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गेला. शालूला त्याने कागदाचं काम म्हणून सांगितलं. दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. त्याने दाबलं. मग बराच वेळ काहीच चमकलं नाही. नंतर पुन्हा एकदोनदा चमकलं.

बाहेर आल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "तुमचं यंत्र मध्येच बंद पडलं होतं, साहेब."

डॉक्टरांनी कागद त्याच्यासमोर ठेवला. मधोमध नाण्याएवढा पांढरा भाग होता, भोवती सगळं काळं.

"यंत्र बंद पडलं नव्हतं," ते म्हणाले.

काचबिंदू होता. बरीच वर्षं जुना. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. बाजूचं गेलं होतं, डाव्या अंगाचं जास्त. गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घातले तर उरलेलं काही वर्षं टिकेल. मुलं असतील तर त्यांचेही डोळे तपासायला सांगा, ते म्हणाले. घराण्यात येतो हा आजार.

"आणि गाडी आजपासून बंद."

"मी डायवर हाय, साहेब."

"लिहिलंय तुमच्या कागदावर. म्हणूनच सांगतोय."

कृष्णकांत खुर्चीतून उठला नाही. त्याने विचारलं, "बारा दिवसांपुरता दाखला नाय मिळणार? तिकडचे रस्ते मोकळे असतात. माणसंच नसतात रस्त्यावर."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या दिवशी त्याला दुपारची शिफ्ट होती. त्याने फोन करून येत नाही म्हणून सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. आपण बसमध्ये बसलो की सगळं पहिल्यासारखं होईल असं त्याला कुठेतरी वाटत होतं. चाळीस माणसं घेऊन तो निघाला. पण आता त्याला माहीत झालं होतं. तो सारखी मान वळवत होता, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मान वळवली की तिथे माणसं असायची. नसतील असं वाटलेल्या जागी सायकल, रिक्षा, शाळेतून येणाऱ्या मुली. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, आज काय झालं? एवढं हळू?"

सरावलीच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि बस उभी केली. समोर काही नव्हतं. त्याला इथलीच श्रावणातली एक सकाळ आठवली.

एक बाई सायकलवरून कामाला चालली होती. बसची डावी बाजू तिला लागली आणि ती गटाराकडे पडली. ती पडलेली त्याला दिसलीच नव्हती, आवाज आला म्हणून तो उतरला होता. आणि उतरून तिलाच ओरडला होता. "कुठून आली मध्येच? डोळे फुटलेत काय?" ती मनगट धरून म्हणत होती, "मी बाजूनंच चालली होती." बसमधली सगळी माणसं कृष्णकांतच्या बाजूने बोलली. चोवीस वर्षांत ज्याच्या हातून साधा ओरखडा नाही, तो खोटं कशाला बोलेल?

माणसं कारखान्यांत सोडून त्याने बस आवारात लावली आणि चावी शैलेशच्या टेबलावर ठेवली. बसमालकाचं सगळं काम शैलेश बघत असे. त्याने दवाखान्याचा कागद वाचला, मग कृष्णकांतकडे पाहिलं.

"आज हे माहीत असून आणली बस?"

"हो."

शैलेशने कागद परत दिला. त्याने चावी ड्रॉवरमध्ये टाकली.

रात्रीपर्यंत शालूला सगळं सांगून झालं होतं. ती रडली नाही. "रूपलला काय सांगायचं?" एवढंच तिने विचारलं. "रविवारी बघू," तो म्हणाला.

शुक्रवारी तो सरावलीला गेला. विचारत विचारत ती बाई सापडली. कमळी तिचं नाव. विक्रमगडकडच्या पाड्यावरून नवऱ्याबरोबर कामाला आलेली. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत शेवटची खोली तिची होती. ती दारात डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं.

तिने त्याला लगेच ओळखलं. उठली नाही.

"चूक माझी होती," कृष्णकांत उभ्यानेच म्हणाला. "मला बाजूचं दिसत नाय. तवा माहीत नव्हतं. परवा कळलं."

कमळीने ताट बाजूला ठेवलं. "मी बाजूनंच चालली होती."

"हो."

"मी तवापासून तेच सांगते. घरवाला पण बोलला, तुझंच लक्ष नसंल. तो डायवर जुना माणूस हाय." तिने आत बघितलं. खोलीत तिचा नवरा जिवल्या भिंतीला टेकून बसला होता. तो ऐकत होता, पण बाहेर आला नाही.

"मी काय करू तुमच्यासाठी?" कृष्णकांतने विचारलं.

कमळी औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. हात मोडल्यावर ठेकेदाराच्या माणसाने कागदावर लिहिलं होतं, स्वतःच्या चुकीने पडली. मग काम गेलं. "त्याला सांगा," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगा."

दोघं चालत कारखान्याच्या गेटवर गेली. ठेकेदाराचा माणूस दिग्विजय अर्ध्या तासाने बाहेर आला. कृष्णकांतने सगळं सांगितलं, कागद दाखवला. दिग्विजयने नीट ऐकून घेतलं. तो वाईट माणूस वाटत नव्हता.

"काका, हे तेव्हा बोलायचं होतं. आता तिच्या जागेवर दुसरी लागली."

"पण तिची चूक नव्हती."

"नसेल. पण चूक कोणाची का असेना, तिची बोटं वळतात का? सरकत्या पट्ट्यावर मिनिटाला किती डबे भरायचे असतात ते विचारा तिलाच."

कमळीने हात पदराखाली घेतला. परतताना ती पुढे चालत होती, कृष्णकांत मागे. वळणावर ती थांबली आणि म्हणाली, "आता तुमी जा." तो गेला. दिवाळीच्या आधी तो पुन्हा एकदा फराळाची पिशवी घेऊन आला तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, दोघं पाड्यावर गेली, परत यायचं काही बोलली नाहीत.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी अकराला रूपलचा फोन आला होता. ती आनंदात होती. नातीने घरगाडीचं चित्र काढलं होतं आणि पुढच्या सीटवर मिशीवाला माणूस बसवला होता. कृष्णकांतने आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं, सुट्टी मिळत नाही म्हणून सांगायचं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण मग तिचे डोळे तपासायला कसं सांगणार? त्याने खरं सांगितलं.

रूपल नर्स होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"किती उरलंय, पप्पा?"

"मधलं हाय."

"मी रोज आजारी माणसं बघते," ती म्हणाली आणि रडायला लागली. "रोज. आणि तुमाला रस्ते सांगत बसली."

मितेशने फोन घेतला. छोट्या गाडीने जाऊ, हॉटेलात राहू, मी चालवीन, तो म्हणाला. कृष्णकांतने नाही म्हटलं. मागच्या सीटवर बसून मान वळवत तळी बघायची त्याला इच्छा नव्हती. शालूने एकटीने यावं असंही निघालं. पण थेंब दिवसातून तीनदा घालायचे होते आणि त्याचा हात अजून नेमका बसत नव्हता. मग कोणी फार ताणलं नाही. रूपलने गाडीचं बुकिंग रद्द केलं. तिच्या तपासणीत डोळ्यांतला दाब जास्त निघाला. नस अजून चांगली होती, पण तिलाही औषध सुरू झालं. ते तिने आईला सांगितलं, वडिलांना नाही. शालूने त्याला सांगून टाकलं.

शैलेशने त्याला बसच्या आवाराच्या गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर लिहायचे. चार दिवस तो गेला. पाचव्या दिवशी डावीकडून आलेली बस त्याला उशिरा दिसली, चालकाने जोरात हॉर्न दिला, आणि तो चालक म्हणजे कृष्णकांतनेच शिकवून तयार केलेला विनोद होता. विनोद उतरून "काका, माफ करा" म्हणत राहिला. कृष्णकांत दुसऱ्या दिवसापासून गेला नाही. घरामागच्या वाडीत शालूला पानवेलीच्या कामात जमेल तेवढी मदत करू लागला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी रूपलचा फोन आला. नातीला सर्दी झाली होती. केळव्याला थंडी आहे का, पानांना भाव कसा आहे, थेंब वेळेवर घालता ना, एवढं तिने विचारलं. त्यानेही तेवढंच सांगितलं.

फोन ठेवल्यावर शालू पानं चवडीला लावत म्हणाली, "आज आपण टेकापोच्या तळ्यावर असतो."

"उद्या," कृष्णकांत म्हणाला. "आज तिथं पोचायला संध्याकाळ झाली असती. उद्या सकाळी बघितलं असतं."

शालूने पुढचं पान उचललं. तो पायाने जमीन चाचपत पानांवर शिंपडायच्या पाण्याची बादली शोधू लागला. बादली त्याच्या डाव्या हाताशीच होती. शालूने उठून ती त्याच्या समोर ठेवली.