पाठ करून बसणारे लोक

"पाहुणे दारात आले, तसा म्हातारा ओथरी उठला आणि त्याने पाहुण्यांना मिठी मारली," ताई म्हणाली.

टेबलावर फाशांची खुळखुळ थांबली. कीसकाढेंनी मान वर केली नाही. केली असती, तर कचेरीच्या मालकीणबाईंची नजर चुकवता आली नसती.

कीसकाढे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. परग्रहांवरच्या गोष्टी टेबलाभोवती बसून खेळायच्या, अशा खेळांची पुस्तकं छापणाऱ्या या कचेरीत बावीस वर्षं ते एकच काम करत आले होते, कल्पनेतल्या लोकांचा कीस काढायचं. पान चाळीसवर ज्यांना तीन डोळे आहेत, त्यांच्या चष्म्याला पान दोनशेवर दोनच काचा कशा, हे लेखकाला विचारायचं. अशा माणसाला कचेरीत दुसरं नाव कोण ठेवणार?

ओथरी नावाचे परग्रहवासी मात्र घरचे होते. कीसकाढेंच्या सख्ख्या मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, अठ्ठाविसाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांना जन्माला घातलं होतं. त्यांची एक रीत सगळ्या खेळाडूंना माहीत होती. घरी पाहुणा आला की ओथरी त्याच्याकडे पाठ करून बसतो. आपल्या माणसांत पाठ फिरवली की संबंध संपले. ओथरी मात्र ज्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्याकडेच पाठ करतो. मिठीबिठी त्यांच्यात नाही.

आज तिसऱ्या भागाची चाचणी होती. ताई गोष्ट सांगणार, बाकीची तिघं, म्हणजे मालकीणबाई, पुस्तकाचा चित्रकार आणि कीसकाढे, त्यातली माणसं होऊन खेळणार. सकाळीच मालकीणबाईंनी कीसकाढेंना बाजूला घेतलं होतं. "हस्तलिखित वाचताना मला कुठेतरी गडबड वाटतेय. ताईंबद्दल आदर आहेच, पण आज टेबलावर घोळ झाला, तर हा भाग मी दुसऱ्या कोणाला तरी देणार." हस्तलिखितातले चौतीस घोळ आपण गुपचूप निस्तरले आहेत, हे कीसकाढे बोलले नाहीत. कागदावरचं खोडता येतं. टेबलावर बोललेलं कसं खोडणार?

"मिठी मारली, म्हणजे या घरात नुकतंच कोणीतरी गेलंय," ते घाईघाईने म्हणाले. खेळात ते दुभाषा झाले होते. "दुःखाच्या घरात पाठ करत नाहीत."

"हे कुठे लिहिलंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"खोऱ्यातल्या ओथरींची रीत आहे ती."

"आता हे कुठून उपटले?" चित्रकार हसला. "मी त्यांचं एकही चित्र काढलेलं नाही."

"काढाल आता."

चित्रकार पुन्हा हसला. कीसकाढेंचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "ताई, कोण गेलं या घरातलं?"

ताईने वहीचं पान उलटलं, मग पुन्हा मागे आणलं. वही तिची, अक्षर तिचं. तरी तिचं बोट अनोळखी गल्लीत घर शोधावं तसं ओळींवरून फिरत राहिलं.

"म्हातारा गेला," ती म्हणाली.

"ज्याने आत्ता मिठी मारली तो?"

यावेळी कोणी हसलं नाही.

"दोन म्हातारे आहेत," कीसकाढे म्हणाले. "जुळे भाऊ."

"ओथरींमध्ये जुळी होत नाहीत," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पहिला भाग, पान अकरा. मला जुळी बहीण आहे, म्हणून ते पान विसरले नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी कीसकाढेंची चूक काढली होती. त्यांचे कान तापले.

"जुळे म्हणजे अगदी तसे जुळे नव्हेत..."

"पुरे रे," ताई म्हणाली. "किती ठिगळं लावशील? खोऱ्यातले ओथरी मी कधी लिहिलेच नाहीत. वर्षभर तुझ्याकडून कागद परत आले की मी वाचायचे. छान वाटायचं. पण हे आपलं नाही, एवढं कळायचं मला."

"ताई, मी फक्त..."

"मी त्यांची पाठ विसरले आज. ती कशी विसरले?" मग ती मालकीणबाईंकडे वळली. "दुसऱ्या कोणाला द्यायचंच असेल, तर याला द्या."

मालकीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "चालेल," त्या म्हणाल्या.

"मला नाही जमायचं," कीसकाढे म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि रागही. "मला चुका काढता येतात. गोष्ट नाही सांगता येत."

"पाहुणे केव्हाचे दारात उभे आहेत," ताई म्हणाली. "ताटकळत ठेवू नकोस त्यांना."

तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. मग उठून आपली खुर्ची करकरत वळवली आणि ती कीसकाढेंकडे पाठ करून बसली.

तिने स्वेटर उलटा घातला होता. मानेजवळचं लेबल बाहेर आलं होतं. सवयीने कीसकाढेंना आधी तेच दिसलं. ही चूक त्यांनी काढली नाही. त्यांनी वही जवळ ओढली.

"पाहुणे दारात आले," त्यांनी सुरुवात केली. "म्हातारा ओथरी उठला नाही. तो त्यांच्याकडे पाठ करून बसून राहिला."

खुर्चीत ताईची मान किंचित हलली.