देवाआधीची गोळी

माझ्या घरात देवाआधी कुणी तोंडात काही घालत नाही. लग्न होऊन साखऱ्याजवळच्या तांड्यावर आले, तेव्हापासूनचा हा नेम. माझे मालक वसराम यांना कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही मी पूजेनंतरच देऊ लागले, नैवेद्याच्या पेलाभर दुधासोबत.

दोन महिने झाले तरी उजवा हात थरथरायचा आणि दारातून निघताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे.

सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्याचा भोग हेच लावतात. निखाऱ्यांवर पळीनं तूप सोडायचं, मग चुरमा. औंदा जयंतीला महिना उरला असताना धाकटे दीर धर्मसिंग म्हणाले, "वहिनी, औंदा भोग मी लावतो. भाऊच्या हातचं तूप देवाला कमी अन् माझ्या धोतराला जास्त."

हे हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. "गोळी लागू होऊन न्हाई राहिली."

"कशासोबत देता?"

"नैवेद्याच्या दुधासंगं."

"जेवणाआधी पाण्यासोबत द्या म्हणाले होते ना मी?"

"व्हय बाई, जेवणाआधीच देते. दूध जेवण थोडंच हाय? त्यो परसाद."

त्यांनी पेन खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. मेंदूच्या खोल भागात हालचाल सांभाळणारी केंद्रं असतात, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. ह्यांच्या तिथलं एक रसायन आटलंय. गोळी ते भरून काढते, पण दुधातली प्रथिनं तिला वाटेतच अडवतात. प्रसाद असला तरी दूध ते दूधच.

सकाळी अंघोळ झाल्याबरोबर मी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

हे बिचकले. "देव अजून बिनपूजेचा हाय."

"देवाला घाई न्हाई. तुमच्या हाताला हाय. घ्या."

गोळी अन् दुधात बाईंनी सांगितलेला पाऊण तास जावा म्हणून मी जपाच्या माळा वाढवल्या. नेमात भरच पडली, त्यात देव कशाला रागावेल?

जयंतीच्या सकाळी निखारे फुलले. धर्मसिंग पळी घेऊन बसले होते. हे दारातून निघाले, एकदा अडले, मग चालत आले.

"आण इकडं पळी."

धर्मसिंगांनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. पहिल्या पळीतलं थोडं तूप राखेत सांडलं. दुसरी थेट निखाऱ्यावर. ज्वाळ वर उठली, माणसांचे हात जोडले गेले. चुरम्याची परात धर्मसिंगांनी भावापुढं सरकवली.