काकांची 'थोडी' वाफ

मी साबणाच्या कढईशेजारच्या पेटीतला फझी कंट्रोलर बोलतोय. बोलतोय कसला, जीव मुठीत धरून पुटपुटतोय. वाफेची झडप माझ्या ताब्यात आहे. कढई उतू गेली, तर मी भंगारात.

साध्या यंत्रांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळतं. मला मात्र एकच साबण थोडा कोमट आणि बराचसा गरम, असा एकाच वेळी दोन्ही वाटू शकतो. हे शहाणपण इंजिनीयर ताईंनी मला दिलं. त्यांनी ते कढईवाल्या काकांना विचारून विचारून गोळा केलं होतं.

"काका, फेस चढला की काय करता?"

"काही नाही हो, वाफ थोडी कमी करायची."

ताईंनी तोच माझा नियम केला. थोडी म्हणजे झडप जराशी मिटवायची.

पहिल्या चाचणीत फेस चढला. मी झडप जराशी मिटवली. फेस चढतच राहिला. मी आणखी जराशी मिटवली. फेस काठावरून ओघळला, तेव्हा काकांनी धावत येऊन झडपेचं हातचाक गरागरा फिरवलं.

कारखान्याचे साहेब बुटांवरचा फेस झटकत म्हणाले, "अजून एकदाच बघू. नाही जमलं, तर ही पेटी उतरवा."

ताई बराच वेळ पेनचं टोपण चावत बसल्या. मग म्हणाल्या, "काका, आता सांगू नका, करून दाखवा. वाफ 'थोडी' कमी करा."

काकांनी चाक फिरवलं. झडप निम्म्याहून जास्त मिटली. ताईंनी कपाळाला हात लावला.

"याला थोडी म्हणता?"

"मग काय! घरी मी 'थोडा उशीर होईल' म्हटलं, की बायको सरळ जेवून झोपते."

ताई हसल्या आणि कामाला लागल्या. माझी 'थोडी' वाढवली, तर साबण गार पडून घट्ट झाला. मग जरा उतरवली. पुन्हा चालवून पाहिली.

आज साहेब परत आले, या वेळी लांब उभे राहिले. फेस चढला. मी झडप काकांच्या मापाने मिटवली. फेस काठाखाली घुटमळला आणि हळूच खाली बसला. साहेब "हं" म्हणून निघून गेले.

काकांनी इतका वेळ चाकावर ठेवलेला हात काढला, फडक्याला पुसला.

"चला ताई, चहा घेऊ. आता हा बघेल."

हा म्हणजे मी! दोघं गेलीसुद्धा. चाकावर कुणाचाच हात नाही, आणि फेस पुन्हा हलतोय. थोडा की बराच, हे मलाच ठरवायचंय.

काका, चहा गरम गरमच संपवा, आणि या.