गार हलगी

आमच्या इस्लामपूरच्या पोरांचा एक रॉक बँड होता, 'पेठनाका' नावाचा. लग्नात वाजतो तो बँड नव्हे. मधुकर इलेक्ट्रिक गिटार वाजवत गायचा आणि शेजारी आकाराम जाळावर कातडं तापवून ताणलेली हलगी कडाडवायचा. असला वेडेपणा त्या दोघांनाच सुचला आणि तो झकास जमलाही. १९७४ साली मुंबईच्या एका कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली, तेव्हा तिचं परीक्षण लिहायचं काम मी सांगलीच्या साप्ताहिकात भांडून मिळवलं.

रेकॉर्ड ऐकली आणि माझं टाळकंच सटकलं. पहिल्या बाजूला हलगी होती, पण पार मरगळलेली. दुसऱ्या बाजूला तर ती नव्हतीच, कुणीतरी भाडोत्री ड्रमवाला ठोकत बसला होता. दोन-तीन गाणी फक्कड, बाकी सगळ्या पाट्या टाकलेल्या. ज्यांच्यासाठी तीन वर्षं गावभर भांडलो, त्यांनीच मला दगा दिला होता. मित्रांची गय केली असं कुणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच झोडपलं. 'आकारामचा हात गेला आहे. ही हलगी वाजत नाही, कण्हते,' असं लिहिलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की चहाच्या हॉटेलात दोनदा वाचून दाखवलं.

अंक निघाल्यावर आठवड्याने आकाराम एसटीने सांगलीला माझ्या खोलीवर आला. खांद्याला हलगी, हातात तोच अंक.

"आटपाडीच्या जत्रंला दरसाल मला बोलावत्यात. औंदा नगं म्हनले. ह्यो पेपर दावला."

"मग वाजवलंस कशाला तसं?" मी अजून तोऱ्यातच होतो.

"तितं मुंबैच्या ष्टुडिओत जाळ करू देईनात. भिताडांना गाद्या लावल्याल्या. मी म्हनलं, तापवल्याबिगर वाजवनार न्हाई. मधू म्हनला, ही नुसती तालीम हाय रं, गारच वाजव. उद्या भाईर तापवून आन, मग खरं घिऊ. दुसऱ्या दिशी तापवून गेलो, तर माझ्या जागी ड्रमवाला बसलेला."

म्हणजे ती तालीमच रेकॉर्डवर चढवली होती. मी मधूला चार शिव्या हासडल्या. "पुढच्या अंकात मधूचं नाव घालून सगळं छापतो," म्हणालो.

आकारामने हलगी माझ्या टेबलावर ठेवली आणि बोटाने एक टिचकी मारली. ढप्प. हुबेहूब रेकॉर्डवरचा आवाज.

"मधूनं फशिवलं, त्येला मुंबईत ऱ्हायाचं हाय. पर गड्या, साळंत असल्यापास्नं पाचट पेटवून माझ्या हलगीला जाळ कोन दावायचं? तूच न्हवं? गार हलगी तुला वळखू आली न्हाई?"

ओळखू आली होती. पहिल्याच गाण्यात आली होती. पण 'हलगी तापवलेली नाही' यापेक्षा 'हात गेला आहे' हे लिहायला झोकदार वाटलं होतं. हे त्याला सांगायची मला लाज वाटली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला ते न सांगताच कळलं.

काहीतरी करायचं म्हणून मी तो अंक चुरगाळला आणि हलगीला जाळ दाखवायला काडेपेटी शोधू लागलो.

"ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला. त्याने हलगी गारच उचलली आणि इस्लामपूरची गाडी पकडायला निघून गेला.