चाकांच्या खुर्चीने ऐकलेले भाषण

मित्रांनो, रस्त्यात मी समोर आले की तुम्ही पटकन बाजूला होता. माझ्यात बसलेल्या माणसाकडे पाहावे की पाहू नये, या विचारातच पुढे निघून जाता. माझ्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. पण एकदा मी थेट आमदारांच्या सभागृहात जाऊन आले, आणि तिथे जे ऐकले ते अजून माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर काळ्या रेक्झिनची बैठक ताणून बसवली. कारागिराने माझी चाके हवेत फिरवून पाहिली आणि "पळशील गं, पळशील," असे म्हणून मला रांगेत लावले. सुरुवातीची वर्षे एका इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात गेली. तिथे माझ्यात रोज नवा माणूस बसे. कोण होता, पुढे बरा झाला की नाही, काही कळत नसे. मग रंग उडाला, एक चाक डावीकडे ओढू लागले, आणि मला सरकारी साहाय्य केंद्राकडे देऊन टाकले. तिथून मी बाबांच्या घरी आले.

बाबा शहराच्या बसचे चालक होते. एका सकाळी आंघोळ करताना त्यांची उजवी बाजू गेली. बोलणेही जड झाले. मात्र आतला चालक जागाच होता. त्यांची मुलगी मला ढकलू लागली की ते डावा हात बाहेर काढून वळण दाखवत आणि "हॉर्न... दे," म्हणत. मुलगी तोंडाने पोंऽऽ करी. सारी गल्ली हसे. या मुलीला लहानथोर सगळे ताई म्हणत. ती एका शिंप्याच्या दुकानात कामाला होती. बाबा आजारी पडल्यावर तिने मशीन घरी आणले आणि खिडकीशी बसून लोकांच्या पँटी आखूड करू लागली.

आणि होत्या मावशी. सरकारच्या योजनेतून त्या आठवड्यात तीनदा सकाळी येत. मित्रांनो, धडधाकट माणूस पलंगावरून खुर्चीत बसतो तेव्हा त्यात काही विशेष नसते. पण निम्मे अंग लुळे पडलेल्या भारी माणसाला उचलणे म्हणजे काय, ते मी रोज पाहत होते. मावशी काखेत हात घालत, ताई गुडघ्यांखाली, आणि मावशी म्हणत, "चला बाबा, बस सुटली!" त्या दिवसांत बाबांची आंघोळ व्हायची, पाठ पुसली जायची, आणि ताईला गरम चहा बसून पिता यायचा. बाकीचे दिवस ती कशीबशी एकटीने ओढून नेई, कारण उद्या मावशी येणार हे तिला ठाऊक असे.

आमच्या भागाचा आमदार याच गल्लीत वाढला होता. लहानपणी बाबांच्या बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसून तो शाळेत जाई. तो एके दिवशी घरी आला, बाबांच्या पाया पडला आणि ताईला म्हणाला, "सभागृहात मी तुमच्याबद्दल बोलणार आहे. दोघंही या. गाडी पाठवतो."

ताईने ठेवणीतली साडी काढली. बाबांची दाढी मावशींनी केली. माझी चाकेसुद्धा पुसली गेली.

सभागृह उंच, थंड आणि चकचकीत होते. प्रेक्षक गॅलरीत कठड्याजवळ माझ्यासाठी जागा करून दिली. खाली आमदार उभा राहिला. बोलणे सुरेख होते त्याचे. कुटुंबाची माया, म्हाताऱ्यांचा मान, असे बरेच काही तो बोलला. मग त्याने वर हात केला. "माझ्या मतदारसंघातली ही लेक बघा! कोणाचीही मदत न घेता, एकटीच्या जिवावर वडिलांना सांभाळते. जिथे अशी माणसं आहेत, तिथे घरोघर सरकारी मदतनीस पाठवायची गरजच काय? नव्या कायद्यानं आपण मदतनीस नाही, सन्मान पाठवू!"

सारे सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले. ताई उभी राहिली. हात जोडले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण जोडलेले हात खाली आले ते माझ्या पाठीच्या दांड्यावर, आणि तिने तो घट्ट आवळला.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने माझ्या हातावर थाप मारली. पुन्हा मारली. पुन्हा. खालून कोणीतरी म्हणाले, "बघा, बाबाही टाळी वाजवतायत!" सगळे कौतुकाने हसले आणि आणखी जोरात टाळ्या पडल्या. मित्रांनो, त्या थापा माझ्या अंगावर पडत होत्या. ती टाळी नव्हती. बाबा संतापले होते. "खो... खो..." एवढेच त्यांच्या तोंडून निघत होते. पुढचे अक्षर शेवटपर्यंत आले नाही.

मधल्या सुट्टीत आमदार हसत गॅलरीबाहेरच्या व्हरांड्यात आम्हाला भेटायला आला. "कसं वाटलं, ताई?"

"पिंट्या," ताई म्हणाली. आजूबाजूचे अधिकारी चपापले. "मावशींचं नाव का नाही घेतलंस?"

"अगं, भाषणात सगळं थोडंच बसतं?"

"त्या येतात म्हणून मी उभी आहे. आणि तू त्यांनाच बंद करायला निघालास?"

"पक्षाचं ठरलंय, ताई. माझ्या एकट्याच्या हातात नाही." त्याने घड्याळाकडे पाहिले. "पण तुझा केवढा मान झाला आज!"

"मान काय करू, पिंट्या? मला सकाळी दोन हात हवेत."

त्याने मान खाली घातली. पण मतदानाच्या वेळी त्याचा हात वर गेला. कायदा मंजूर झाला.

पुढच्या महिन्यापासून मावशी यायच्या थांबल्या. घरोघरच्या सगळ्या मदतनिसांना वेगवेगळ्या इस्पितळांत वाटून टाकले होते; मावशींच्या वाट्याला शहराच्या टोकाचा वृद्धांचा वॉर्ड आला. जाताना मावशी ताईला म्हणाल्या, "कमरेनं उचलू नको गं, गुडघ्यात वाक." पण एकटा माणूस किती वाकणार?

बाबांनी मग एक गोष्ट केली, ती ताईच्या लवकर लक्षात आली नाही. ते पाणी कमी पिऊ लागले. पाणी कमी प्यायले की उठवायला कमी लागते, म्हणून. ताईने पेला पुढे केला की, "तहान... नाही," म्हणत. ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी बाबांना ताप चढला. त्यांना सावरून माझ्यात बसवताना ताईच्या कमरेत काहीतरी कटकन वाजले. बाबा अर्धे माझ्यात आणि अर्धे तिच्या अंगावर. शेजारच्या काकू धावत आल्या. बाबांना इस्पितळात नेले आणि तिथून त्याच वृद्धांच्या वॉर्डात. ताई अंथरुणाला खिळली.

मी जिन्याखाली गेले. कोणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, कोणी ओली छत्री अडकवली. मला वाटले, संपले आता. आणि एके दिवशी काकूंनी मला बाहेर ओढले, झटकले आणि माझ्यात ताईला बसवले. तिला चार पावले चालता येत नव्हते. मित्रांनो, इतकी वर्षे जी मला ढकलत होती, तिचे वजन अंगावर घेताना मला काय वाटले असेल!

अशातच आमदार आला. हातात काचेच्या चौकटीतले सन्मानपत्र, मागे फोटोवाला. दार उघडले आणि तो उंबऱ्यातच थबकला. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला.

"राहू दे," आमदार म्हणाला. "तू जा."

ताई रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबांना भेटून खूप दिवस झाले. मला न्यायला कोणी नाही. नेतोस?"

त्याने मला ढकलले. माझे चाक डावीकडे ओढत होते, त्याला ते जमेना. फुटपाथच्या कडेला दोनदा आपटलो. वॉर्डात पोहोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

वॉर्डभर खाटा होत्या आणि त्यांच्यामध्ये एकट्या मावशी. ताईला पाहून त्यांचे डोळे भरले, पण थांबायला सवड नव्हती. ताईला त्यांनी एका रिकाम्या खाटेवर बसवले आणि आमदाराला म्हणाल्या, "तुम्ही आलाच आहात तर धरा तिकडनं. बाबांना ऊन दाखवू." त्याने चुकीचे धरले. बाबा कळवळले. "काका, चुकलो," तो म्हणाला. मावशींनी त्याचे हात धरून जागेवर लावले. मग दोघांनी बाबांना माझ्यात बसवले. बाबांचे अंग केवढे हलके झाले होते! बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. नंतर तोंड फिरवले.

पुढच्या अधिवेशनात तो बोलला. ताईने आणि मी रेडिओवर ऐकले. या वेळी तो अडखळत होता. "मी सांगितलं ते खरं नव्हतं," तो म्हणाला. "तिला मदत होती. ती आपण काढून घेतली. मीही हात वर केला होता." कोणी टाळी वाजवली नाही. मागून कोणीतरी "वेळ संपली" म्हणून ओरडत होते.

कायदा अजून बदललेला नाही. बाबा वॉर्डातच आहेत. ताई काठी घेऊन थोडे चालते, लांब जायचे असेल तेव्हा माझ्यात बसते.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. जिन्याखाली, अडगळीत माझ्यासारखी कोणी पडली असेल तर तिच्या चाकात थोडे तेल घाला. कोणाला तरी तिची गरज असते. आणि आजाऱ्याची सेवा करणारे कोणी भेटले तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याला विचारा, "तुमच्या मदतीला कोण येतं?" उत्तर येईपर्यंत थांबा. "कोणी नाही," असे उत्तर आले, तर टाळ्या वाजवू नका. बाह्या सरसावा आणि आत जा.